अ‍ॅपोलिपोप्रोटीन ए-१ मिलानो

अ‍ॅपोलिपोप्रोटीन ए-१ मिलानो हे इटलीतील गार्दा सरोवराच्या काठी वसलेल्या लिमोने या गावातील एका वंशवेलीत आढळणारे प्रथिन आहे. मानवी रक्तातील अ‍ॅपोलिपोप्रोटीन ए-१ या प्रथिनाचे हे उत्परिवर्तित रूप होय. धमनीकाठिण्यापासून मिळणाऱ्या नैसर्गिक संरक्षणाच्या संदर्भात त्याचा विशेष अभ्यास झाला आहे.

== शोध ==
१९७०च्या दशकात लिमोने येथे जन्मलेल्या एका व्यक्तीची मिलान येथे तपासणी झाली. तिच्या रक्तात ट्रायग्लिसराइडचे प्रमाण अधिक, तर ‘चांगले’ मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल अत्यल्प होते. अशा स्थितीत धमनीकाठिण्य अपेक्षित असते. तथापि तशी लक्षणे आढळली नाहीत. चेझारे सिर्तोरी, ग्विदो फ्रान्चेस्कीनी व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ग्रामस्थांच्या रक्ततपासणीतून सुमारे ४० वाहक आढळले. चर्चमधील नोंदींवरून त्यांचे मूळ अठराव्या शतकातील एका दांपत्यापर्यंत पोहोचते. १९३०च्या दशकात रस्ता होईपर्यंत हे गाव बाह्य जगापासून बरेचसे अलिप्त होते.

== रचना व कार्य ==
मूळ प्रथिनात २४३ अमिनो आम्ले असतात. मिलानो रूपात १७३व्या स्थानी आर्जिनीनऐवजी सिस्टीन असते. मूळ प्रथिनात सिस्टीन मुळीच नसते. या बदलामुळे दोन रेणू डायसल्फाइड बंधाने परस्परांना जोडले जाऊ शकतात.

अ‍ॅपोलिपोप्रोटीन ए-१ हा एचडीएल कणांचा प्रमुख प्रथिन घटक आहे. धमनीच्या भित्तिकेत साचलेले कोलेस्टेरॉल तेथील पेशींकडून स्वीकारून ते यकृताकडे नेण्यास हे कण साहाय्य करतात.

== उपचारविषयक चाचण्या ==
२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकाराच्या रुग्णांना कृत्रिमरीत्या तयार केलेले हे प्रथिन आठवड्यातून एकदा, असे पाच वेळा शिरेतून देण्यात आले. चाचणी पूर्ण करणारे रुग्ण केवळ ४७ होते. प्रथिन मिळालेल्या रुग्णांच्या हृद्‌धमन्यांतील मेदयुक्त थराचे आकारमान सरासरी ४.२ टक्क्यांनी घटले. मात्र २०१६ मधील चाचणीत स्टॅटिन औषधे घेणाऱ्या रुग्णांना अधिक लाभ दिसला नाही. मानवी रक्तद्रवापासून मिळवलेल्या मूळ प्रथिनाच्या १८,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीतही (२०२४) ९० दिवसांतील हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृद्‌रोगजन्य मृत्यू यांत लक्षणीय घट झाली नाही. वाहकांच्या रक्तात हे प्रथिन जन्मापासून असते. चाचण्यांत मात्र ते काही आठवडेच दिले गेले.