शीरखुर्म्याचं दूध आणि रेडकू

ईदच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यावर दुधासाठी रांग असते. यंदा आम्ही धाकटीलाही सोबत नेलं होतं. म्हशीचं दूध, डोळ्यांदेखत काढलेलं, पाण्याचा थेंब नसलेलं; शीरखुर्म्याला आणखी काय हवं? आमचं लक्ष मापाकडे होतं, तिचं म्हशीकडे.

“अम्मी, हिचं बाळ कुठं आहे?”

गोठेवाले चाचा जरा थांबले. म्हणाले, “नर होता, बाजी. नाही जगला.” मागच्या कोनाड्यात इंजेक्शनची बाटली आणि सुई दिसत होती.

इतकी वर्षं आम्ही चाचांना एकच प्रश्न विचारत आलो, “पाणी नाही ना घातलं?” रेडकाबद्दल कधी विचारलंच नाही.

म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. रेडकू कासेला ढुसण्या देतं, तेव्हा तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं आणि ती पान्हा सोडते. पण रेडकू पिईल तेवढं दूध विक्रीतून कमी होतं. त्यात नर असेल तर त्याच्यावर खर्च कोण करणार? म्हणून बऱ्याच गोठ्यांत नर रेडकू अर्धपोटी राहतं आणि मरतं. मग म्हैस पान्हा चोरते. तेव्हा तेच संप्रेरक सुईनं टोचलं जातं. कुठं कुठं मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते आईपुढं उभं करतात. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला घातक इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरवसाचंही तसंच. रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगांशी लढण्याची शक्ती जवळजवळ नसते. ती आईच्या चिकातून मिळते, आणि तीही पहिल्या काही तासांतच. तो चीक आपल्या पातेल्यात आला असेल, तर रेडकाच्या पोटात गेला का, हे विचारायला हवं. पोटभर पिऊन उरलेला चीक घ्यायला हरकत नाही.

आपण हलालचा विचार बहुधा मांसापाशी थांबवतो. पण हदीसमध्ये दुधाबद्दलही शिकवण आहे. हजरत जिरार बिन अजवर (रजि.) उंटिणीची धार अगदी निपटून काढू लागले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी कासेत थोडं दूध मागं ठेवायला सांगितलं. धार काढणाऱ्यांनी नखं कापावीत, म्हणजे सडांना इजा होणार नाही, असंही सांगितलं. विक्रीपूर्वी कास फुगलेली दिसावी म्हणून जनावर न पिळता ठेवण्यास त्यांनी मनाई केली. त्यात मुक्या जीवाचे हाल होतात आणि गिऱ्हाइकाची फसवणूकही होते.

दोष एकट्या चाचांना कसा द्यायचा? आम्ही विषय काढला तर म्हणाले, “बाजी, पेंड महागली, चारा महागला. दोन रुपये वाढवले की गिऱ्हाईक दुसऱ्या गोठ्यावर जातं.” ते गिऱ्हाईक आम्हीच होतो. गेल्या वर्षी दोन रुपयांसाठी आम्ही त्यांच्याशी घासाघीस केली होती.

घरी बसून हिशेब केला. रोजचं दूध अर्धा लिटर कमी केलं. चहा तेवढ्यात भागतो. वाचलेल्या पैशांतून लिटरमागं पाच रुपये जास्त देऊ, असं चाचांना सांगितलं. अट एकच: सुई नको, आणि रेडकू नर असो की मादी, ते आधी पिईल. चाचांनी लगेच होकार दिला नाही. “एका म्हशीपुरतं करून बघतो,” म्हणाले.

ती म्हैस गेल्या आठवड्यात व्याली. पुन्हा नरच झाला. आज आठवा दिवस. रोज दूध आणताना धाकटी आधी त्याला पाहून येते, मग किटली पुढं करते. परवा रेडकाचं पिणं लांबलं म्हणून आम्हाला अर्धा तास थांबावं लागलं आणि दूधही थोडं कमी मिळालं.

आपल्या दूधवाल्याला आपणही एवढं विचारून पाहावं: रेडकू कुठं आहे? आणि उत्तर मिळालं, तर त्याची किंमत द्यायची तयारी ठेवावी.