चैत्रांतील प्रवासी पक्षी व आपली ज्वारी

रानांतला माल घरीं आला, खळें आटोपलें आणि पळसावर पान उरलें नाहीं, म्हणजे शेतकऱ्यास वर्षांतून एकदां मान वर करून पाहण्यास सवड मिळते. फाल्गुनाच्या मध्यापासून चैत्र सरेपर्यंत आपल्या शिवारावरून एक मोठी उलाढाल चालू असते. पावसाळा सरतां सरतां आलेले परमुलुखचे पक्षी या पांच-सहा आठवड्यांत आपल्या मूळ ठिकाणीं परत जावयास निघतात. येतांना ते सर्वांच्या डोळ्यांत भरतात, कारण ते पिकावर उतरतात. जातांना कोणाचेंच लक्ष नसतें. पाहुणा केव्हां आला हें सांगणारे पुष्कळ भेटतात. तो कोणत्या दिवशीं गेला हें सांगणारा आम्हांस क्वचितच भेटला.

आमची चाकरी महसूल खात्यांत झाली. पीकपाहणी व पैसेवारी यांच्या निमित्तानें भीमा व सीना या नद्यांच्या मधला मुलूख आम्ही पुष्कळदां पायांखालीं घातला. गांव नमुना बारा उघडला तर त्यांत पिकाला रकाना आहे, पाण्याच्या साधनाला आहे, पडीक जमिनीलाहि आहे. पांखरांना मात्र नाहीं. परंतु कागदावर नसलेली ही बाब पाहणीच्या वेळीं शेतकऱ्याच्या तोंडीं हटकून असे. "भाऊसाहेब, निम्मी ज्वारी भोरड्यांनीं नेली, ती कोठें लिहितां?" हा प्रश्न आम्हीं गांवोगांवीं ऐकला आहे. म्हणून या लेखांत मुख्यतः भोरडीविषयींच लिहावयाचें योजिलें आहे. इतर पक्ष्यांचा उल्लेख ओघानें येईल तेवढाच.

भोरडी म्हणजेच पळसमैना. कोणी तिला गुलाबी मैना म्हणतात. ही साळुंकीच्या कुळांतली असून आकारानें साळुंकीएवढीच असते. डोकें, मान, पंख व शेपटी काळी कुळकुळीत, पाठ व पोट गुलाबी, आणि डोक्यावर मागें पडलेला तुरा. त्याच थव्यांत मळकट तपकिरी रंगाचे पुष्कळ पक्षी दिसतात. त्यांस कित्येक शेतकरी निराळी जात समजतात. पण तीं त्याच वर्षीं जन्मलेलीं पिलें होत. एक मौज येथें सांगण्यासारखी आहे. कापड जुनें झालें म्हणजे त्याचा रंग उडतो. भोरडीचें उलट आहे. पावसाळ्यानंतर तिला नवीं पिसें येतात तेव्हां त्यांच्या कडा फिक्या असतात, व त्यामुळें सारा पक्षी धुरकट दिसतो. हिंवाळाभर त्या कडा झिजत जातात आणि फाल्गुनांत आंतला गुलाबी व काळा रंग स्वच्छ उघडा पडतो. अर्थात् ज्या दिवसांत भोरडी सर्वांत देखणी दिसते तेच तिच्या जाण्याचे दिवस होत.

हें जाणें एकाएकीं घडत नाहीं. त्याच्या पायऱ्या ज्यास पाहावयाच्या असतील त्यानें झाडांवर नजर ठेवावी. पौष-माघांत शाळू ज्वारी हुरड्यांत असते तोंवर थवे पिकावर असतात. पुढें दाणा टणक होतो, काढणी सुरू होते, आणि त्याच सुमारास कांटेसावर, पांगारा व पळस हीं झाडें एकामागून एक फुलूं लागतात. मग भोरड्यांचा मोर्चा त्यांकडे वळतो. फुलांतील मध पिण्यासाठीं त्या चोंच आंत खुपसतात, तेव्हां त्यांच्या कपाळास पराग लागतो आणि तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. पळसाला शेंग धरण्याच्या कामीं या पांखरांचा हात आहे हें पत्रावळी लावणाऱ्यांनीं व लाखेचे किडे पाळणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. शिमगा झाला कीं वड-पिंपळाचीं फळें, आणि मध्यंतरीं चरत्या गुरांच्या पायांमागून उडणारे नाकतोडे, हा त्यांचा आहार असतो.

संध्याकाळचा देखावा याहूनहि पाहण्यासारखा असतो. उजनीच्या जलाशयाच्या कांठीं, भिगवणच्या बाजूस, बाभळीच्या बनांत, उसाच्या फडांत किंवा पाणकणसांत भोरड्या मुक्कामास येतात. सूर्य मावळण्याच्या सुमारास चोहों बाजूंनीं थवे येऊन मिळतात आणि हजारों पक्ष्यांचा एकच ढग आकाशांत वळसे घेऊं लागतो. तो कधीं चाळणीसारखा पसरतो, कधीं मुठीसारखा आवळतो. वरून ससाणा झेपावला तर क्षणांत दुभंगून पुन्हां जुळतो. एवढ्या गर्दींत एकाचा पंख दुसऱ्यास लागत नाहीं. मग कोणी इशारा दिल्याप्रमाणें सारा ढग झाडींत कोसळतो आणि काळोख पडेपर्यंत कलकलाट चालतो. एप्रिलच्या मध्याच्या सुमारास अशीच एक संध्याकाळ येते कीं त्या दिवशीं ढगहि नसतो आणि कलकलाटहि नसतो.

त्या जातात कोठें? वायव्येकडे. पंजाबांत त्यांना तिल्यर म्हणतात. तेथें तुती पिकते त्या वेळीं वाटेवरचे थवे तिच्यावर तुटून पडतात. पुढें अफगाणिस्तान ओलांडून मध्य आशियांतील गवताळ मैदानांत, कझाकस्तानांत व चीनच्या शिंजियांग प्रांतांत त्या पोंचतात. तेथें झाडावर घरटें न बांधतां दगडांच्या राशींत व कपारींत हजारोंच्या वसाहती करून त्या अंडीं घालतात. नेमक्या त्याच दिवसांत त्या मैदानांत टोळ व नाकतोडे यांचे तांडे जन्मास आलेले असतात, आणि पिलांचें सारें पोषण त्यांवरच होतें. एक मोठा पक्षी दिवसाला शंभराहून अधिक टोळ खातो. पिलें उडतीं झालीं कीं वसाहत मोडते, आणि आषाढ-श्रावणांत पहिले थवे पुन्हां आपल्याकडे हजर होतात. म्हणजे वर्षांतून जेमतेम तीन महिने हा पक्षी आपल्या देशाबाहेर असतो. त्यास पाहुणा आपण म्हणावें कीं त्या मुलुखांतल्या लोकांनीं म्हणावें, हा प्रश्नच आहे!

शिंजियांगमधील लोकांनीं मात्र त्याचें मोल चांगलें ओळखलें आहे. इसवी सन १९८० नंतर तेथें कुरणांतील टोळांच्या बंदोबस्तासाठीं भोरड्यांना मुद्दाम बोलावण्याची युक्ति काढण्यांत आली. दगडांच्या राशी रचून व भिंतींत कोनाडे ठेवून त्यांना घरट्यांस जागा करून देण्यांत आली, आणि जेथें त्या वसल्या तेथें औषध फवारण्याचें काम कमी झालें. याच चीन देशांत १९५८ सालीं चिमण्यांना धान्याच्या वैरी ठरवून थाळ्या बडवून बडवून मारण्याची मोहीम निघाली होती. चिमण्या गेल्या आणि किडींस मोकळें रान मिळालें. अखेर १९६० सालीं मारावयाच्या प्राण्यांच्या यादींतून चिमणीचें नांव काढावें लागलें. याहून जुना दाखला भोरडीच्या बहिणीचा आहे. आपली साळुंकी १७६२ सालीं हिंदुस्थानांतून मॉरिशस बेटांत नेण्यांत आली ती तेथील उसावरच्या टोळांचा नायनाट करण्यासाठींच.

यावर आमचा शेतकरी बंधु म्हणेल कीं, "तिकडच्या टोळानें माझ्या कणसांत दाणा भरत नाहीं." तें खरें आहे, आणि या बाबतींत कोणाची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. २०२० सालच्या मे महिन्यांत अमरावती व नागपूर जिल्ह्यांत टोळधाड आली तेव्हां भोरड्या केव्हांच निघून गेल्या होत्या. शिवाय वाळवंटी टोळाची ती जात आणि मध्य आशियांतील मैदानांतली जात एक नव्हे. तेव्हां ज्वारीचा हिशेब ज्वारींतच केला पाहिजे.

आणि तो हिशेब करूं गेल्यास मुख्य गोष्ट ही दिसते कीं भोरड्या वाढल्या म्हणून नुकसान वाढलें असें नसून ज्वारी कमी झाली म्हणून तें वाढलें आहे. पूर्वीं बार्शी, मोहोळ, मंगळवेढें या भागांत मैलच्या मैल मालदांडीचा पट्टा एका वेळीं हुरड्यास येई. थवा आला तरी त्याचें खाणें सबंध शिवारावर वाटलें जाई, आणि कोणा एकाचें घर बसत नसे. मंगळवेढ्याच्या मालदांडीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें हें भूषणच आहे. परंतु इतरत्र पाण्याची सोय झाली तेथें ऊस आला, डाळिंब आलें, आणि चार एकर ज्वारी उसाच्या मधोमध एकटी उभी राहिली. तिच्या शेजारीं उसाचा फड, म्हणजे भोरड्यांची मुक्कामाची जागाहि हातभर अंतरावर! जो थवा पूर्वीं शंभर शेतांत उतरे तो आतां एकाच शेतांत उतरतो, आणि त्या शेतकऱ्याच्या पदरीं कडब्यावांचून कांहीं पडत नाहीं. पुढच्या वर्षीं तो ज्वारी पेरणें सोडून देतो. मग पाळी शेजाऱ्याची. कित्येक गांवांतून ज्वारी उठली ती अशी एकेक बांध करीत उठली आहे, आणि तिच्याबरोबर गुरांचा कडबाहि गेला.

म्हणून आमचें स्पष्ट मत आहे कीं हा बंदोबस्त एकट्यानें होणारा नाहीं. ज्यांस ज्वारी पेरावयाची आहे त्यांनीं भाद्रपदांतच एकत्र बसून शक्य तों लागून असलेल्या गटांत व एकाच आठवड्यांत पेरणी करावी, आणि वाणहि एकाच मुदतीचा घ्यावा. सर्वांच्या आधीं निसवलेल्या आणि सर्वांच्या मागें राहिलेल्या शेतासच पांखरांचा मार अधिक बसतो. राखण कणसांत दूध भरल्यापासून दाणा टणक होईपर्यंतच काय ती कसोशीची लागते, आणि तींतहि सकाळचे पहिले दोन तास व सूर्य मावळण्यापूर्वींचे दोन तास महत्त्वाचे. माळ्यावर एक माणूस व हातांत गोफण ही जुनी रीत अजूनहि कामाची आहे. चार शेतकऱ्यांनीं मिळून माळा घातल्यास मजुरीहि वांटली जाते. चकचकीत फिती कांहीं दिवस उपयोगी पडतात, पण पांखरें त्यांना लौकर सरावतात, म्हणून त्यांची जागा बदलावी. बुजगावण्याविषयीं न बोललेलें बरें. त्याच्या डोक्यावर बसलेली भोरडी आम्हीं पाहिली आहे.

विष लावलेलें धान्य टाकण्याचा प्रकार मात्र कोणी करूं नये. तें धान्य भोरडीच खाईल असें नाहीं. तें कवडे खातात, लावे खातात, मोर खातात, आणि मेलेलें पांखरूं मांजरानें किंवा घारीनें उचललें म्हणजे तींहि मरतात. नायलॉनचीं जाळीं रात्रीं पसरलेलीं राहिलीं तर त्यांत उंदीर खाणारें घुबड अडकतें, तें नुकसान आणखी निराळें. पक्षी मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा होऊं शकतो, हें या ओघांत सांगून ठेवतों. हुसकावण्यास कोणाची हरकत नाहीं.

बांधावरचा पळस व पांगारा "पांखरें ओढतो" म्हणून तोडणाऱ्यांस एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं पळस फुलतो तेव्हां आपली ज्वारी कोठें असते? वेळेवर पेरलेली असेल तर बहुधा खळ्यावर. उशिरा पेरलेल्या शेताच्या धन्याची तक्रार अगदींच खोटी नाहीं. पण तेथें दोष झाडाचा कमी आणि पेरणीचा अधिक. सावर, पांगारा, पळस हीं झाडें गेलीं तर फाल्गुनांत भुकेला थवा मागास राहिलेल्या कणसांकडेच वळणार.

भोरडीबरोबर आणखीहि कित्येक मंडळी या दिवसांत निघतात. पाण्याच्या पाटावर शेपटी हलवीत फिरणारा धोबी एप्रिलअखेर नाहींसा होतो; त्यांतला पिवळा धोबी जाण्यापूर्वीं हळदींत बुडविल्यासारखा दिसतो. तारांवर ओळीनें बसणाऱ्या माळभिंगऱ्या, माळावर जमिनीलगत तरंगत नाकतोडे व उंदीर टिपणारे भोवत्ये, हेहि जातात. उजनीच्या कांठावरील पट्टकादंब हंसाची वाट सर्वांत अवघड, कारण त्यास हिमालय ओलांडून तिबेटाकडे जावयाचें असतें. हे सारे गेल्यावर आणि मृगाच्या आगेमागें उलट दिशेनें चातक येतो, हें शेतकऱ्यास सांगावयास नकोच.

पाहण्यासाठीं महाग दुर्बीण पाहिजेच असें नाहीं. सलीम अली यांचें हिंदुस्थानांतील पक्ष्यांविषयींचें इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं निघालें, आणि मराठी नांवें जाणावयाचीं तर सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश आहे. आपल्या राज्यांत २०२० पासून या दोघांच्या जन्मदिवसांना धरून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. तो येणाऱ्या पाहुण्यांच्या वेळेचा. जाणाऱ्यांची नोंद आपली आपणच ठेवली पाहिजे. एक वही पुरे. तींत तारीख, गांव, जागा, झाड किंवा पीक, अंदाजें संख्या, आणि थवा कोणत्या दिशेस गेला, एवढे रकाने आंखावेत. शेवटचा थवा दिसला ती तारीख मुद्दाम अधोरेखित करावी. मेलेल्या पक्ष्याच्या पायांत धातूचें वळें आढळल्यास त्यावरील अक्षरें व आंकडा जसाच्या तसा उतरून घ्यावा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें अशीं वळीं घालून पक्ष्यांच्या वाटा शोधण्याचें काम पुष्कळ वर्षें केलें आहे, व तिला तें कळविल्यास तो पक्षी कोठून आला हें समजूं शकतें.

आमच्या वाचकांनीं यंदाच्या शेवटच्या थव्याची तारीख आणि श्रावणांत पहिली भोरडी दिसेल ती तारीख, अशा दोन्ही एका कार्डावर लिहून सभेच्या कचेरीकडे पाठवाव्यात. कार्डावर तालुका लिहावा, आणि आपल्या गांवीं यंदा ज्वारी किती एकर होती हेंहि लिहावें.