इंटरनेट दूरध्वनी : सेवापुरवठादारांमधील कॉलचे मार्गनिर्धारण व विश्वासाचा प्रश्न

प्रस्तावना :
दूरध्वनी क्रमांक म्हणजे ग्राहकाचा पत्ता, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंटरनेटवर आधारित ध्वनिसेवेत ती अपुरी ठरते. क्रमांकावरून ग्राहक कोण हे कळते. तो कोणत्या सेवापुरवठादाराकडे आहे, हे मात्र स्वतंत्रपणे शोधावे लागते. एका कंपनीच्या ग्राहकाचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकापर्यंत कसा पोहोचतो आणि त्यात परस्परविश्वासाचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्रमांकाचा शोध :
ई.१६४ या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार क्रमांक देशसंकेतासह जास्तीत जास्त १५ अंकी असतो. भ्रमणध्वनीच्या आरंभीच्या अंकांवरून पूर्वी कंपनी ओळखता येत असे. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सुविधा भारतभर उपलब्ध झाली आणि हा आधार उरला नाही. त्यामुळे कॉल पाठविण्यापूर्वी माहितीकोशाकडे विचारणा करावी लागते. 'ईनम' पद्धतीत क्रमांकाचे अंक उलट्या क्रमाने, बिंदूंनी विलग करून इंटरनेटच्या नामव्यवस्थेत शोधले जातात व त्यावरून इंटरनेट पत्ता मिळतो. या पद्धतीचा सार्वजनिक कोश फारसा रुजला नाही. कंपन्या प्रामुख्याने खासगी कोश वापरतात. दोन कंपन्यांमध्ये थेट करार नसल्यास कॉल मध्यस्थ कंपनीकडे सोपविला जातो. अशा वेळी दर व गुणवत्ता पाहून मार्ग निवडतात.

संकेत आणि ध्वनी :
कॉल जुळविण्याचे काम 'सिप' ही संकेतप्रणाली करते. निमंत्रण, घंटी वाजत असल्याची सूचना आणि स्वीकृती असे संदेश ती पोहोचविते. प्रत्यक्ष ध्वनी निराळ्या प्रवाहातून जातो. जी.७११ या प्रचलित पद्धतीत आवाजाचे सेकंदास ८,००० नमुने घेतले जातात. २० मिलिसेकंदांचे एक याप्रमाणे दर सेकंदास ५० पॅकेट पाठविली जातात. संकेत व ध्वनी यांचे मार्ग भिन्न असू शकतात. प्रत्येक कंपनीच्या सीमेवर एक नियंत्रक यंत्रणा असते. ती अंतर्गत रचना बाहेरच्यांपासून झाकते आणि येणारे कॉल तपासते.

विश्वासाचा प्रश्न :
पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे, याची खातरजमा पोस्टमन करीत नाही. कॉल करणाऱ्याच्या क्रमांकाचेही तसेच आहे. तो पाठविणाऱ्या बाजूने लिहिलेला असतो. दोन-तीन मध्यस्थांतून आलेल्या कॉलचा मूळ क्रमांक खरा आहे की नाही, हे शेवटच्या कंपनीस स्वतः पडताळता येत नाही. फसवणुकीचे कॉल याच उणिवेचा लाभ घेतात. यावर उपाय म्हणून अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना त्यांच्या इंटरनेट जाळ्यांत क्रमांकासोबत डिजिटल स्वाक्षरी जोडणे बंधनकारक झाले. तथापि कॉल जुन्या पद्धतीच्या जाळ्यातून गेल्यास ही स्वाक्षरी सहसा गळून पडते. भारतात दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी परदेशातून बनावट भारतीय क्रमांकाने येणारे कॉल रोखणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांतच तिने सुमारे १.३५ कोटी कॉल ओळखले.

निष्कर्ष :
इंटरनेट दूरध्वनीत मार्ग शोधण्याचा प्रश्न बव्हंशी सुटला आहे; ओळख सिद्ध करण्याचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे. पडद्यावर दिसणारा क्रमांक हा दावा होय, पुरावा नव्हे. बँकेच्या वा पोलिसांच्या नावाने आलेल्या कॉलवर विसंबून माहिती देण्याऐवजी, त्या संस्थेचा अधिकृत क्रमांक शोधून आपण स्वतः संपर्क साधणे हेच श्रेयस्कर. ही गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकास सहज शक्य आहे.