काडी कुठल्या बाजूने लावायची?

आमच्या गावी, पोलादपूरच्या डोंगरात, उन्हाळा लागला की भाजावळीचा धूर दिसू लागतो. भाताची दाढ, म्हणजे रोपांचा वाफा, भाजायला माझे काका उजाडायच्या आत शेतात उतरायचे. वाफ्यावर आधी शेण, त्यावर कवळ, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, मग पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. रचून झालं की ते चिमूटभर धूळ बोटांतून खाली सोडायचे. धूळ ज्या बाजूला वाहील, त्या टोकाला चालत जायचे आणि तिथून काडी लावायचे. म्हणजे आगीला वाऱ्याच्या उलट सरकत यावं लागे. मी म्हणायचो, ‘काका, दुसऱ्या बाजूने लावली तर लगेच होईल की!’ ते म्हणायचे, ‘लगेच होईल, म्हणून तर नाही लावायची.’

या उत्तरात आगीचं निम्मं शास्त्र आहे. गवत पेट घेण्याआधी त्यातलं पाणी उडून जावं लागतं. मग ते आणखी तापून त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि ज्वाळा दिसते ती या वायूंची. वारा पाठीशी असला तर ज्वाळा पुढच्या कोरड्या गवतावर झुकते, आणि आग पोहोचायच्या आधीच ते गवत तापून तयार असतं. उलट दिशेने लावलेली आग मागे, जळून गेलेल्या राखेवर झुकते. तिला पुढचं गवत तापवायला वेळ लागतो. ती पावलापावलाने चालते आणि माणूस तिच्या बरोबरीने चालू शकतो. दाढीलाही हेच हवं असतं. सावकाश जळल्याने ऊब मातीत उतरते, वरच्या थरातलं तणाचं बी मरतं आणि राखेतलं पालाश रोपांच्या कामी येतं. या पद्धतीला ठाणे-रायगडाकडे राब म्हणतात. राबासाठी होणाऱ्या कवळतोडीवरून शेतकरी आणि वनखातं यांच्यात इतका झगडा झाला, की 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगाला त्यात लक्ष घालावं लागलं.

वाऱ्याइतकाच चढही घातक. डोंगर उतरणारी आग मवाळ असते, चढणारी चवताळते, कारण वरचं गवत ज्वाळेच्या अगदी तोंडाशी येतं आणि तापलेली हवाही उताराला चिकटून वरच धावते. ऑस्ट्रेलियातले वणव्यांचे अभ्यासक ॲलन मॅकआर्थर यांनी ढोबळ हिशोब मांडला होता: चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट. वीस अंशांच्या चढावर तो चौपट होतो. सह्याद्रीच्या कित्येक उतारांवर यापेक्षा जास्त चढ आहे. 11 मार्च 2018 रोजी तामिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांना वणव्याने गाठलं आणि वीसहून अधिक जीव गेले. वाळल्या गवताच्या उतारावर खाली धूर दिसला, तर वर पळू नये. आगीच्या वाटेतून आडवं निघावं आणि उघड्या कातळाकडे किंवा आधीच जळून गेलेल्या जागेकडे जावं.

राहिली वेळ. वाळलं गवत हवेतला दमटपणा फार पटकन घेतं आणि तितक्याच पटकन सोडतं. काडीएवढ्या जाडीच्या इंधनाला तासाभराचा अवधी पुरतो. पहाटे दवाने मऊ पडलेलं गवत दुपारी कडकडीत होतं. कोकणात तर दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो. म्हणून काकांचं काम ऊन तापायच्या आत आटोपलेलं असे.

आता तीच पहाट शहरात आणून बघा. हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. सोसायटीच्या कोपऱ्यात पेटवलेल्या पाल्याचा धूर या झाकणाखाली अडकतो आणि शाळेला निघालेली मुलं तो छातीत घेतात. ओला पाला नीट पेटत नाही, नुसता धुमसतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसांत खोलवर जाणारे सूक्ष्म कण भरपूर निघतात. त्यात प्लास्टिकची पिशवी गेली की प्रकार आणखी गंभीर. कचऱ्यातल्या क्लोरिनयुक्त प्लास्टिकपासून डायॉक्सिनसारखी विषं बनतात. ती नष्ट करायला शास्त्रशुद्ध भट्टीत 850 अंश सेल्सिअसहून जास्त तापमान निदान दोन सेकंद टिकवावं लागतं. रस्त्याकडेच्या ढिगाला ते कधीच जमणार नाही.

म्हणजे शेतात आग सांभाळायला जी वेळ उत्तम, तीच शहरात धुरासाठी सगळ्यात वाईट, आणि दुपारी पेटवावं तर वारा. शहरात कचरा जाळायला बरी वेळच नाही, त्यामुळे तिथला नियम सरसकट बंदीचा आहे आणि तो मला योग्य वाटतो. 2016च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या जागेत कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. पाला कुजवायला एक खड्डा आणि थोडं शेणपाणी पुरतं. रात्रपाळीच्या वॉचमनच्या शेकोटीवर मात्र नुसता दंड करून भागणार नाही. त्याला बसायला बंद खोली आणि अंगावर स्वेटर देणं ही सोसायटीची जबाबदारी आहे.

महाराष्ट्रात जंगलाजवळ 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. त्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलं गवत कापून, देखरेखीत जाळून टाकतं, की आगीला पुढे खायला काही राहू नये. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना राज्यांना जातात. पण त्यासाठी वापरली जाणारी उपकरणं ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात. मधल्या काळात पहिला धूर दिसतो तो गुराख्यालाच. महाराष्ट्रात त्याने 1926 हा वनखात्याचा क्रमांक फिरवावा.

भारतीय वन अधिनियम, 1927च्या कलम 26मध्ये राखीव वनाला धोका होईल अशी आग पेटवायला बंदी आहे, तशीच ती पेटती सोडून जायलाही. या दुसऱ्या गोष्टीची किंमत आमच्या घराने मोजली आहे. एका वर्षी दाढ नीट भाजली, वारा बघून, उन्हाआधी. बांधाच्या कडेला काजूचं एक वाळलेलं खोड होतं, त्याच्या बुंध्यात निखारा शिरला. कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्वाळा विझली तरी लाकूड आतल्या आत धुमसू शकतं, अगदी थोड्या हवेवर, धूरही न दाखवता. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि शेजाऱ्यांची पेंढ्याची उडवी पेटली. सगळी वाडी ऐनाचे टहाळे घेऊन धावली, तरी उडवी गेलीच, वर चार धरती काजूची झाडं होरपळली. काकांनी स्वतःच्या उडवीतला निम्मा पेंढा त्यांच्या गोठ्यात नेऊन टाकला. झाडांचं काय करणार? त्यांना धरायलाच पाच वर्षं लागली होती.

त्या आगीआधी काका निखाऱ्यांवर माती लोटायचे. माती ज्वाळा दाबते खरी, पण ती ऊबही धरून ठेवते, घोंगडीसारखी. खाली निखारा रात्रभर जिवंत राहतो. त्यानंतर त्यांनी रीत बदलली. पेटवायच्या आधीच दोन कळशा बांधावर भरून ठेवलेल्या असत. आग निवली की पाणी ओतायचं, काठीने राख ढवळायची, पुन्हा पाणी. मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघायचे, ऊब लागत नाही ना. लागली नाही तर तोच हात राखेत खुपसायचे. बुंधे, मुळं, शेणाचे गोळे असतील तिथे दोनदा. आणि दुपारी जेवण झालं की, वारा सुटायच्या वेळेला, रिकामी कळशी पुन्हा भरून शेताकडे निघायचे.