मिश्र मद्याची तीव्रता

मद्याची तीव्रता म्हणजे त्याच्या एकूण आकारमानात शुद्ध मद्यार्काचा वाटा किती, याचे प्रमाण होय. ही तीव्रता जाणण्यात शासनाला पूर्वीपासून रस आहे, कारण मद्यावरील कर त्यावर अवलंबून असतो. झाशी जिल्हा ज्या संयुक्त प्रांतात मोडत असे, त्याचा अबकारी कायदा १९१० मध्ये झाला. त्या काळी तीव्रता ‘लंडन प्रूफ’ या मापाने सांगितली जाई. प्रूफ मद्यात सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क असतो. त्याच्या पाऊणपट तीव्रता घेतली की ४२.८ हा आकडा मिळतो. भारतातील व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर दिसणारा हा विचित्र वाटणारा आकडा त्या जुन्या मापाचाच अवशेष आहे.

तीव्रता मोजण्याचे नेहमीचे साधन म्हणजे हायड्रोमीटर. मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळे, द्रव जितका तीव्र तितके हे उपकरण त्यात खोल बुडते. परंतु तापमान वाढले की द्रव प्रसरण पावतो आणि त्याची घनता घटते. झाशीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. अशा दिवसांत तेच मद्य उपकरणावर अधिक तीव्र भासते. म्हणून वाचनाबरोबर तापमान नोंदवून कोष्टकावरून दुरुस्ती करावी लागते.

कॉकटेलच्या बाबतीत मात्र हे उपकरण निरुपयोगी ठरते. साखरेमुळे द्रवाची घनता वाढते आणि मद्यार्काचा हलकेपणा झाकला जातो. त्यामुळे गोड मिश्रण वस्तुतः असते त्याहून सौम्य भासते. अशा वेळी प्रयोगशाळेत आधी ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढतात. इतरांना गणिताचा आधार घ्यावा लागतो. सुदैवाने हे गणित त्रैराशिकाहून कठीण नाही.

समजा, ४२.८ टक्क्यांची ६० मिलिलिटर रम, १८ टक्क्यांची ३० मिलिलिटर व्हर्मूथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) आणि १५ मिलिलिटर लिंबाचा रस एकत्र केला. रममधील शुद्ध मद्यार्क २५.६८ मिलिलिटर आणि व्हर्मूथमधील ५.४ मिलिलिटर, म्हणजे एकूण ३१.०८ मिलिलिटर झाला. मिश्रण १०५ मिलिलिटर आहे. भागाकार केल्यास तीव्रता सुमारे २९.६ टक्के येते. हलवताना बर्फाचे २५ मिलिलिटर पाणी झाले, तर आकारमान १३० मिलिलिटर होऊन तीव्रता २३.९ टक्क्यांवर उतरते.

या हिशोबात एक बारीक उणीव आहे. पाणी व मद्यार्क मिसळले असता मिश्रणाचे आकारमान बेरजेहून थोडे कमी भरते. ५० मिलिलिटर मद्यार्क आणि ५० मिलिलिटर पाणी मिळून १०० नव्हे, तर सुमारे ९६ ते ९७ मिलिलिटरच होतात. सौम्य मिश्रणात हा फरक व्यवहारात दुर्लक्षिण्याजोगा असतो.

मात्र तीव्रता आणि मात्रा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये. बर्फ वितळल्याने तीव्रता घटली, तरी पेल्यातील ३१ मिलिलिटर मद्यार्क तेवढाच राहतो. एक मिलिलिटर मद्यार्काचे वजन सुमारे ०.७९ ग्रॅम धरल्यास तो साडेचोवीस ग्रॅम भरतो. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ३२.५ मिलिलिटर मद्यार्क असतो. म्हणजे तो लहानसा गोड पेला जवळजवळ पूर्ण बाटलीच्या तोडीचा ठरतो. साखर आणि लिंबू यांमुळे जिभेला हे कळत नाही, शरीराला मात्र कळते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे.

शिवाय हा सारा हिशोब बाटलीवरील आकडा खरा असेल तरच खरा. विषारी मिथेनॉलची घनता साध्या मद्यार्काइतकीच, सुमारे ०.७९ असते. त्यामुळे हायड्रोमीटर या दोहोंत भेद करू शकत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. मद्यात मद्यार्क किती आहे, हे गणित सांगू शकते. तो कोणता आहे, हे केवळ रासायनिक परीक्षेनेच कळते.