पाहुण्यांचा विसावा आणि बेटावरचं गोडं पाणी

(समुदाय रेडिओवरील महिला कार्यक्रमात झालेलं भाषण)

लग्नसराई संपली की हल्ली गावागावात एक नाव ऐकू येतं, मालदीव. अमक्याचा मुलगा आणि सून मालदीवला गेले, त्यांनी फोटो पाठवले. फोटोत निळंशार पाणी, पिठासारखी पांढरी वाळू, पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या झोपड्या. झोपडी म्हणायची, पण एका रात्रीचं भाडं आपल्या गटाच्या वर्षाच्या बचतीएवढं असू शकतं. तिथे जाऊन करायचं काय? काहीच नाही. खायचं, पोहायचं, झोपायचं. त्यालाच विसावा म्हणून पैसे मोजायचे.

एवढ्याशा बेटावर हा विसावा तयार कसा होतो? तिथे पाणी कुठून येतं, भाजी कुठून येते, कचरा कुठे जातो आणि पैसा कुणाच्या हातात पडतो? आज आपण हेच समजून घेऊ. आपल्यापैकी काही गट घरात पाहुणे ठेवण्याचा विचार करत आहेत, म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे.

बेट बनतं कसं?

मालदीव हा देश आपल्या लक्षद्वीपच्या दक्षिणेला, समुद्रात आठशेहून अधिक किलोमीटर लांब पसरलेला आहे. लहानमोठी सुमारे १,२०० बेटं, त्यांतल्या दोनशेच्या आतबाहेर बेटांवर गावं. लोकसंख्या सुमारे ५ लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. लोक मुस्लिम आहेत आणि धिवेही भाषा बोलतात. आपल्या मिनिकॉय बेटावरची भाषाही तीच, थोड्या फरकाने. त्यांच्या चपातीला ते ‘रोशी’ म्हणतात. सकाळी रोशीबरोबर खोबऱ्याचा कीस, कांदा, मिरची, लिंबू आणि कुपा मासा कालवून खातात.

आपलं आणि त्यांचं नातं जुनं आहे. ‘फुटकी कवडी देणार नाही’ असं आपण म्हणतो. एके काळी कवडी हे खरोखरचं चलन होतं, आणि भारतात, विशेषतः बंगालमध्ये, चालणाऱ्या कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीवच्या समुद्रातून होत असे.

ही बेटं डोंगराच्या दगडाची नाहीत. पोवळं आपल्याला माहीत आहे. त्याच्या जातकुळीतले बारीक जीव समुद्रात वसाहत करून राहतात आणि चुन्यासारखं कडक घर बांधतात. अशा असंख्य घरांच्या रांगा कड्यासारख्या गोल उभ्या राहतात. बाहेरची लाट त्या कड्यावर फुटते आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. पाहुण्याला जो निवांतपणा वाटतो तो आधी या जिवांनी दिलेला असतो. आणि ती पांढरी वाळू? तिचा मोठा भाग पोपटमाशाने तयार केलेला आहे. हा मासा प्रवाळ कुरतडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना वाळू होऊन बाहेर टाकतो.

अशी बेटं समुद्राच्या पातळीपेक्षा सरासरी कमरेएवढी, फार तर छातीएवढी उंच. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं आणि मरतं. १९९८ साली आणि पुन्हा २०१६ साली तिथे असं मोठ्या प्रमाणावर झालं. कडं खचलं तर लाट थेट वाळूवर येते आणि बेट झिजायला लागतं.

पाण्याचा हिशेब

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. चहूबाजूंनी खारं पाणी, नदी नाही, ओढा नाही, धरण नाही. मग प्यायचं काय?

पावसाचं पाणी वाळूतून खाली मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. दुधावर साय धरते तसा बेटाच्या पोटात गोड्या पाण्याचा एक थर धरतो. जुन्या काळी बेटावरच्या बायका उथळ विहिरी खणून हेच पाणी काढायच्या. पण साय ओरबाडली की खालचं दूध वर येतं. ढोबळ हिशेब असा सांगतात की गोड्या पाण्याची पातळी एक हात खाली गेली, तर खालचं खारं पाणी चाळीस हात वर सरकू शकतं. एक हात उपसा आणि चाळीस हात नुकसान! कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पंप लावून उपसा वाढला की वैशाखात विहीर मचूळ होते, ती याच कारणाने. २००४ च्या त्सुनामीत लाट बेटांवरून गेली आणि कितीतरी विहिरी एका दिवसात खाऱ्या झाल्या.

घरी चार माणसं असतील तर असा थर पुरतो, छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलं तर आणखी पुरतं. पण हॉटेलातला पाहुणा दिवसातून दोनदा अंघोळ करणार, त्याच्या चादरी-टॉवेल धुवायचे, पोहण्याचा तलाव भरायचा. म्हणून तिथे समुद्राचं पाणी यंत्राने गोडं करतात. आपल्या गावात जारचं पाणी ज्या आर.ओ. यंत्रातून येतं, त्याच जातीचं पण फार मोठं यंत्र. त्याला वीज लागते आणि बहुतेक बेटांवर वीज डिझेलच्या जनरेटरवर तयार होते. डिझेल बोटीने येतं. म्हणजे पाहुण्याच्या अंघोळीची प्रत्येक बादली डिझेल जाळून भरलेली असते.

हे यंत्र बंद पडलं तर काय होतं, ते डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेने पाहिलं. पाणी गोडं करणाऱ्या केंद्रात आग लागली आणि लाखाहून अधिक लोकांचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमानाने आणि जहाजाने पिण्याचं पाणी पोचवलं.

जेवण येतं, कचरा राहतो

मासे आणि नारळ सोडले तर पाहुण्याच्या ताटातलं जवळजवळ सगळं बाहेरून येतं. तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, बटाटा, अंडी, कांदा यांचा मोठा वाटा भारताकडून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा आपल्याकडच्या कांदा उत्पादकांचे कसे हाल झाले ते तुम्हाला आठवत असेल. त्या काळातही मालदीवसाठी ठरावीक कोट्याने कांदा पाठवायची परवानगी होती, कारण दोन देशांमध्ये तसा जुना करार आहे.

सामान बोटीने येतं, पण डबे, बाटल्या, प्लॅस्टिक मागे उरतं. मालेजवळच्या थिलाफुशी नावाच्या ठिकाणी १९९० नंतरच्या काळात उथळ समुद्रात कचरा टाकून भराव करत गेले आणि कचऱ्याचं एक बेटच उभं राहिलं. अनेक वर्षं तिथे उघड्यावर कचरा जळत होता. फोटोत निळं पाणी येतं, हा धूर येत नाही. आता सरकार प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दिवसाच्या हिशेबाने हरित कर घेतं.

पैसा कुणाच्या पदरात?

मालदीवात पहिलं पर्यटक बेट सुरू झालं १९७२ साली. त्याचं नाव कुरुंबा. त्यांच्या भाषेत कुरुंबा म्हणजे शहाळं. झावळ्यांनी शाकारलेल्या साध्या खोल्या होत्या आणि पहिल्या वर्षी साऱ्या देशात हजारभर पाहुणे आले. देशात तेव्हा बँकही नव्हती. १९७४ साली आपली स्टेट बँक तिथे गेली आणि तिने हॉटेलांना कर्ज दिलं. आज वर्षाला सुमारे २० लाख पाहुणे येतात, म्हणजे तिथल्या माणसांच्या चौपट.

पद्धत अशी ठरली की एका बेटावर एकच हॉटेल. वस्ती नसलेलं बेट सरकारने कंपनीला भाड्याने द्यायचं आणि पाहुण्यांनी गावाच्या बेटांपासून दूर राहायचं. गावाच्या रीतीभाती आणि पाहुण्यांचं दारू पिणं, पोहण्याचे कपडे, हे एकमेकांत येऊ नये असा त्यामागचा विचार. देशाला परकीय चलन मिळालं, शाळा-दवाखान्यांना पैसा आला. पण समोरच्या बेटावर पाहुणे उतरताना दिसत होते आणि गावातल्या बाईला त्यांना चहाचा कप विकायचीही सोय नव्हती.

हॉटेलात नोकरी करायची तर महिनोन्‌महिने त्या बेटावरच राहावं लागतं. घर, मुलं, म्हातारी माणसं सोडून जाणं बायकांना जमत नाही आणि घरचेही पाठवायला तयार नसतात. त्यामुळे हॉटेलांमध्ये स्थानिक बायका फार थोड्या. पुष्कळशी कामं बांगलादेश, भारत, श्रीलंका इथून आलेली माणसं करतात. त्यांच्या राहण्याच्या खोल्या सहसा बेटाच्या मधल्या भागात, झाडांच्या आड असतात. पाहुणा जेवायला गेला की खोली झाडायची, चादर बदलायची, वाळूवरची पानं पहाटेच उचलायची. काम झालेलं दिसलं पाहिजे, करणारा दिसता कामा नये. मैत्रिणींनो, असं काम आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. घरोघरी आपण तेच करतो, आणि ‘तू दिवसभर करतेस काय?’ हेही ऐकतो.

२००९ च्या सुमाराला सरकारने नियम बदलला आणि गावाच्या बेटांवर पाहुणे ठेवायला परवानगी मिळाली. मालेच्या दक्षिणेला माफुशी नावाचं मासेमारांचं बेट आहे. तिथे घरांच्या खोल्यांत पाहुणे राहू लागले. आज देशात अशी शेकडो पाहुणेघरं आहेत. गावाने आपले नियम ठेवले. दारू नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी पुळणीचा एक भाग वेगळा राखलेला. खोलीचं भाडं हॉटेलच्या मानाने फार कमी, त्यामुळे साधे नोकरदार पाहुणेही येऊ लागले. काम घराजवळ आल्यामुळे बायकांनाही त्यात पाय ठेवायला जागा झाली. सगळं सुरळीत झालं असं नाही. माणसं वाढली तसा पाण्यावर ताण आला, कचरा वाढला, गल्ल्या दाटल्या. पण निदान पैसा आणि प्रश्न दोन्ही एकाच गावात राहिले, त्यामुळे गावाला बोलायला तोंड मिळालं.

आपण काय घ्यायचं?

आपल्याकडे कोकणात पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेखाली कितीतरी घरांत पाहुणे राहतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाने कांदळवनाची होडीतून सफर सुरू केली. होडी बायकाच वल्हवतात आणि झाडांची माहितीही त्याच देतात. म्हणजे आपल्याला हे जमतं. फक्त सुरुवात करण्याआधी चार गोष्टी कागदावर मांडा.

पहिली, खोल्या मोजण्याआधी पाणी मोजा. मे महिन्यात तुमच्या विहिरीला किती हंडे पाणी असतं? घरचं आणि गुरांचं भागून जे उरेल, त्यावर पाहुण्यांची संख्या ठरवा.

दुसरी, कचरा कुठे जाणार ते आधी ठरवा. ओल्याचं खत होईल. प्लॅस्टिकचं काय? पाहुण्याने आणलेलं प्लॅस्टिक त्याने परत न्यावं, असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवता येतो.

तिसरी, दर ठरवताना आपली मेहनत धरा. तांदूळ, तेल, गॅस यांचा खर्च आपण लिहितो. पहाटे पाचला उठून केलेल्या घावनांचे, धुतलेल्या चादरींचे तास लिहीत नाही. मग नफा दिसतो तो खरं तर आपली न मिळालेली मजुरी असते. तासाचा दर लावा आणि मग भाडं सांगा.

चौथी, पाळी लावा. पाहुण्याचा विसावा एका बाईच्या पाठीवर उभा राहता कामा नये. गटात पाचजणी असतील तर प्रत्येकीला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी हवी. त्या दिवशी तिने घरीही फक्त बसून राहिलं, तरी कुणी काही म्हणायचं नाही.

ही चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, हे मला माहीत आहे. विसावा म्हटलं की आपल्याला तो पैसेवाल्यांचा वाटतो. पण समुद्रापार गेल्याशिवाय विसावा मिळत नाही असं थोडंच आहे? तिथे पाहुण्याला जे मिळतं त्यातली मुख्य गोष्ट अशी की तेवढे दिवस त्याचं काम दुसरं कुणी करतं. घरातल्या माणसांनी ठरवलं, तर आठवड्यातून अर्धा दिवस तेवढं आपल्यालाही मिळू शकतं. त्याला तिकीट लागत नाही.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावात पाहुणे आले तर उन्हाळ्यात कुणाच्या वाट्याचं पाणी कमी होईल?

२. पाहुण्यांसाठी गावाने कोणते नियम ठेवावेत? ते कुणी ठरवावेत आणि त्या बैठकीत बायका किती असाव्यात?

३. मागच्या महिन्यात तुम्ही कोणत्या दिवशी दुपारी काहीही न करता बसलात? आठवत नसेल, तर का आठवत नाही?

तुमची उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत पाण्याचा आकडा घेऊनच या.