प्रीमियरचे मैदान

परकीय मोटार-कारखानदार आपल्या राज्यात येणार अशी वार्ता आली की मंत्रालयात हारतुरे होतात आणि भावी रोजगारांची बेरीज मांडली जाते. 2024 च्या जुलैमध्ये टोयोटा-किर्लोस्कर कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथील 20,000 कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला, तेव्हाही याहून वेगळे काही घडले नाही. या आनंदात विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु अशा करारांवर सह्या करणाऱ्यांनी एकदा कल्याण-शिळ रस्त्याने जाऊन यावे. डोंबिवलीनजीकचे 'प्रीमियर मैदान' आज राजकीय सभांसाठी सर्वांस ठाऊक आहे. ज्या कारखान्यामुळे त्यास हे नाव पडले, तो मात्र उरलेला नाही.

शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात प्रथम क्रायस्लरच्या आणि पुढे फियाटच्या सहकार्याने मोटारी बांधल्या. तिची पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होती. 1993 मध्ये मोटारउद्योगावरील परवान्याचे बंधन उठले आणि दुसऱ्याच वर्षी फ्रान्सची प्यूजो कंपनी प्रीमियरची भागीदार होऊन डोंबिवलीत आली. कारखान्यातून 309 ही गाडी बाहेर पडू लागली. गाडी वाईट नव्हती. तिच्या डिझेल इंजिनाची काटकसर जाणकार अद्याप वाखाणतात. पण युरोपात ती 1985 साली आलेली, आणि 1993 पर्यंत तेथे तिची जागा नव्या 306 ने घेतलेली! पाहुण्याने येताना पेटीतले जुने कपडे आणले होते, असेच म्हणावे लागते.

यजमानाचे वर्तनही पाहण्यासारखे होते. प्यूजोशी संसार मांडलेला असतानाच प्रीमियरने जुन्या फियाटशी नव्याने सोयरीक केली आणि 1996 मध्ये कुर्ल्याहून ऊनो बाजारात आणली. ज्या भागीदाराला आपल्याच भागीदाराशी स्पर्धा करावी लागते, त्याचे मन किती काळ रमणार? त्यात कामगारांशी तंटे उद्भवले, विक्रेत्यांचीही कुरबुर सुरू झाली. 1997 साली प्यूजोने अंग काढून घेतले. मागे राहिले ते सुटे भाग शोधत हिंडणारे ग्राहक आणि हाताला काम नसलेले कामगार. गंमत अशी, की प्यूजो व फियाट या दोन्ही सवती 2021 पासून स्टेलांटिस या एकाच छत्राखाली नांदत आहेत.

सुझुकीचे उदाहरण येथे आठवते. 1982 च्या करारात तिचा वाटा अवघा 26 टक्के होता, तरी ती टिकली. कारण मारुतीने गुडगावच्या परिसरात सुटे भाग बनविणाऱ्यांची फळी उभी केली. गुंतवणुकीचा आकडा कितीही मोठा असो, मुळे रुजतात ती अशा लहान कारखानदारांच्या आधाराने. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कुशल हातांचा तुटवडा नव्हता. पण तीन वर्षांत अशी फळी उभी राहणे शक्यच नव्हते.

प्यूजो गेली त्याच 1997 साली टोयोटाने किर्लोस्करांशी भागीदारी केली. नाव मराठी घराण्याचे, कारखाना मात्र कर्नाटकात बिडदीला गेला. त्या कंपनीत किर्लोस्करांचा हिस्सा 11 टक्के आहे. म्हणजे निर्णय कोठे होतात, हे सांगावयास नको. तीच कंपनी आता महाराष्ट्रात येऊ पाहते. तिचे स्वागत अवश्य व्हावे. मात्र शासनाने सवलती देताना सुटे भाग कोठून घेतले जाणार, स्थानिक तरुणांना कोणते शिक्षण मिळणार, हे लेखी घ्यावे. आणि जमिनीचेही. डोंबिवलीच्या त्या परिसरात आता निवासी मनोरे उभे आहेत आणि तेथील रहिवासी सकाळी मुंबईच्या गाडीत उभे राहण्यापुरती जागा शोधत असतात. कारखाना बंद पडल्यास उद्योगासाठी दिलेली जमीन उद्योगासाठीच राहील, ही अट संभाजीनगरच्या कागदपत्रांत आहे की नाही, हा प्रश्न विधिमंडळात कोणी तरी विचारावयास हवा.